फोटोंचे पत्ते

मामांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आम्ही शहराच्या टोकाला, पडेगावला भाड्यानं राहत होतो. मामा म्हणजे माझे सासरे. शहरात गुलमंडीच्या बाजारातल्या एका कापडदुकानात तीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांपुढं तागे उलगडले होते. दिवसभर बोलणारा माणूस. दवाखान्यातून घरी आले ते लुळा उजवा हात आणि तोंडात एकच शब्द घेऊन: नाय. चहा हवा असला तरी नाय, नको असला तरी नाय. भलतंच बोललो हे त्यांना कळायचं, मग डाव्या हातानं ते स्वतःच्याच मांडीवर मारून घ्यायचे.

मी तेव्हा कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. ती नोकरी सोडली. कुणी सोड म्हटलं नाही. मामांजवळ कोण बसणार आणि टँकरचं पाणी कोण भरणार, हे न बोलताच ठरलेलं होतं. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. दौलताबाद रस्त्याला नव्या इमारती उठत होत्या, नळाचा मात्र पत्ता नव्हता. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, पण कुठल्या दिवशी ते ड्रायव्हरच जाणे. हॉर्न वाजला की खाली पाइप धरायला हजर पाहिजे. त्यामुळं सातही दिवस मी घरात. दाराबाहेर माझ्या चपला दिसायच्या, त्यांच्यावर धूळ बसलेली.

डोकं फिरायला लागलं तेव्हा लॅपटॉपवर मी स्वतःपुरता एक विकी सुरू केला. एकच फाईल, ब्राउझरमध्ये उघडायची. आत हवी तेवढी पानं करायची आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायचं. औषधं, टँकर कधी आला, असलं काहीबाही लिहायची. एकदा चहाच्या पानावर सहज कपाचा फोटो टाकला, तर मामांनी पलंगावरून वाकून त्या कपावर बोट ठेवलं. मी चहा करून दिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हवं ते मागून मिळालं होतं.

मग मी सपाटाच लावला. भात, भाकरी, पंखा, संडास, उशी. घरातल्या प्रत्येकाचं एक पान. गॅलरीतून दिसणारा रस्ता, बस. महिनाभरात फाईल इतकी जड झाली की उघडायला पाच मिनिटं लागायची, आणि मामा तोवर रडकुंडीला यायचे. फोटो फाईलच्या पोटात कोंबले होते, तीच चूक. ते काढून मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आणि पानावर नुसता पत्ता लिहिला: अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, अमुक फोटो. फाईल चुटकीसरशी उघडायला लागली.

नवरा बिडकीनकडच्या कारखान्यात होता. अंधारात निघायचा, दिवेलागणीला यायचा. एका रविवारी त्यानं लॅपटॉप आवरायला घेतला. सोमवारी मी फाईल उघडली तर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. मामांनी एका चौकोनावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग डोळे चोळले आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू आता नजरही गेली.

"मामा, तुमचे डोळे चांगलेत. फोटोच दिसत नाहीत," मी ओरडूनच सांगितलं.

नवरा घरी आला तशी मी त्याच्यावर धावून गेले. "माझ्या फोल्डरला हात का लावला?"

"पसारा झालता. दुसऱ्या ड्राइव्हला नीट लावून ठेवलं. एकबी फोटो पुसला नाय."

"फोटो आहेत हो, पण पानाला ते सापडत नाहीत! पत्ता जुनाच आहे ना."

पलंगावरून आवाज आला. मामा डाव्या हाताचं बोट कपाळावर टेकवून जोरजोरात मान हलवत होते. त्यांचेही शब्द पुसले गेले नव्हते, आत होतेच, नुसते सापडत नव्हते. ते बघून नवरा खाली बसला आणि म्हणाला, "सांग, काय करायचं ते."

दोघांनी मिळून दीडशे पत्ते बदलले. या वेळी पूर्ण पत्ता लिहिलाच नाही. शेजारच्या फोल्डरमधला अमुक फोटो, एवढंच. फोल्डर आणि फाईल जोडीनं हलवली की कुठंही नेली तरी चित्रं दिसतात. हे मी क्लासात पोरांना शिकवायची, आणि स्वतः विसरले होते.

पुढं उन्हाळ्यात एका सकाळी मामांनी माझ्या फोटोवर बोट ठेवलं. मग पान बदलायला लावून बसवर.

"बसनं जायचंय? तुम्हाला?"

"नाय." चिडून त्यांनी पुन्हा माझ्याच फोटोवर बोट आपटलं, मग दाराकडं दाखवलं.

मला कळलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बराच वेळ बाहेर येववेना.

शेजारच्या मावशींना आम्ही खाला म्हणायचो. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "जा बेटी, मैं बैठती ना इनके पास. कायको डरती?"

मी गुलमंडीला गेले. मामांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती. त्याचा फोटो काढला नाही. समोर एकजण फुटपाथवर साड्या उलगडत होता, त्याचा काढला. उसाचा रस प्यायले. कुणीही मला हाक मारत नव्हतं, तरी दर पाच मिनिटांनी मी घड्याळ बघत होते.

घरी आले तर टँकर येऊन गेला होता. मामांना एकटं सोडून खाली उतरायचं खालांना धाडस झालं नव्हतं. आमचा ड्रम कोरडा.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "एक दिवस पण तुला..." आणि बापाच्या चेहऱ्याकडं बघून थांबला.

तो आठवडा खालांकडच्या साठवणीच्या पाण्यावर काढला, रोज दोन बादल्या. पुढच्या रविवारी नवरा लॅपटॉप घेऊन मामांजवळ बसला. त्यांनी उशीवर बोट ठेवलं की हा नीट न बघताच पंखा लावायचा, मामा मांडीवर हात मारायचे. हळूहळू त्याला जमायला लागलं. तेव्हापासून रविवारी दोन तास माझे. मामा होते तोवर त्यापेक्षा जास्त कधी मिळाले नाहीत. आणि त्या दोन तासांतही बस पडेगावच्या फाट्याजवळ आली की मी खिडकीतून मान काढून बघायची, टँकर तर नसेल ना आला.