दत्ताचं शटर

सन एकोणीसशे नव्याण्णव. माझं वय सदुसष्ट. दत्ता, माझा धाकटा भाऊ, रबाळ्याला पावडर कोटिंगचा, म्हणजे लोखंडी सामानाला रंगाची पूड भाजून चढवायचा, छोटा कारखाना चालवायचा. एका सकाळी त्यानं शटर वर केलं आणि तिथंच खाली बसला... तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आता जो तो मला सांगतो, "फार टेन्शन घ्यायचे हो." तेव्हा कुठं होतात? सोसायटीत तो दिसला की ऑर्डर किती आणि गाडी कधी घेताय, एवढंच विचारत होतात तुम्ही.

मी चौथी शिकलेला. आधी जुन्या मार्केटात, मग वाशीला, जन्मभर पाठीवर गोण्या वाहिल्या. भाऊ माझ्यापुढं नेहमी हसत आला, हसत गेला. म्हणून तेराव्यानंतर पुतणी नीता जे बोलली त्यानं माझं डोकं फिरलं.

"आण्णा, पप्पा रोज कॉम्प्युटरवर काही लोकांशी बोलायचे. सगळे छोटे कारखानदार. नाव कुणी सांगायचं नाही, असा नियम."

"का? चोर आहेत?"

"मालक आतून खचलाय हे बाजारात कळलं तर ऑर्डर जातात ना."

तिनं कारखान्याच्या मागच्या दारानं केबिनमध्ये नेऊन मला वाचून दाखवलं. दत्तानं लिहिलं होतं, शटरला हात लावला की वाटतं इथूनच मागं फिरावं. आणि हे कुणाला, तर 'नारळ' असं टोपणनाव घेतलेल्या कुणाला तरी. बायकोला नाही, पोरीला नाही, मला नाही. नारळाला!

"त्यांनीच पप्पांना मनाच्या डॉक्टरकडं जायला लावलं, आण्णा."

"मी काय मेलो होतो?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

काय म्हणालो असतो ते माझं मी बघेन. पोरीनं थोरल्याला असं विचारू नये.

त्या लोकांची एक रीत होती. सकाळी कारखाना उघडला की प्रत्येकानं 'शटर वर' एवढंच लिहायचं. ज्याचं आलं नाही त्याला बाकीचे हाक मारणार. दत्ता गेल्यापासून कारखाना बंद, आणि हे रोज विचारतायत... "शटर?" नारळ तर दिवसातून कितीदा. उत्तर लिहायला नीताचं मन धजत नव्हतं.

"कळवू का, आण्णा?"

"नाही. मरणाचा निरोप नाव ठाऊक असलेल्या माणसाला जातो. हे कोण, कुठले? सुतक तरी पाळतील का?"

रागानं घरी आलो. जेवलो नाही. माझ्या भावाला मी सोडून दुसरं कुणी ओळखत होतं, हे मला आजही खपत नाही.

पण कुणी रोज हाक मारतंय आणि आपण ओ द्यायची नाही, हेही खपेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नीताला घेऊन रबाळ्याला गेलो. शटर जड झालं होतं, पण तिला हात लावू दिला नाही. तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि म्हटलं, सांगतो तसंच लिही. त्यांचा नियम त्यांच्यापाशी. "त्याचं नाव दत्ताराम. तो गेला. मी त्याचा थोरला भाऊ, बाबूराव. आज शटर मी वर केलं."