आमच्या फोनचं भारनियमन

माझ्या फोनची बॅटरी चार दिवस टिकायची. आयुष्यात माझ्या नावावर एवढा एकच विक्रम आहे, आणि तोही घरात बोलून दाखवायची सोय नाही.

फोन घेतला होता उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून, सेकंडहँड. तेव्हाचा स्मार्टफोन म्हणजे बटणांचाच, पण जाडजूड, आणि त्यात ब्लूटूथ, वायफाय, इंटरनेट सगळं भरलेलं. दुकानदार सिंधी, तोंडात साखर. बॅटरी किती चालेल विचारलं तर म्हणाला, "साईं, सब चालू रखोगे तो शाम तक. बंद रखोगे तो जितना चाहो उतना." त्याने बिचाऱ्याने गंमत केली होती. मी ती मनावर घेतली. घरी आल्याबरोबर पहिलं काम काय केलं, तर लँडलाइन परत करून टाकली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणत होती की राहू द्या, अडीनडीला लागते. मी ऐकतोय कशाला? स्मार्टफोनवाल्याच्या घरात ते डबडं शोभलं नसतं.

तेव्हा आम्ही चिखलोलीत नवीन राहायला आलो होतो. बिल्डिंग नवी, लिफ्टची जागासुद्धा सोडलेली (लिफ्ट अजून यायची आहे!), पण भारनियमन असं की वीज रोज सहा-सहा तास गुल. असेल तेवढ्या वेळात मोटर, मिक्सर, इस्त्री सगळ्यांची घाई, त्यात चार्जरला प्लग कोण देतो? म्हणून मी सेटिंगमध्ये घुसलो. आधी वायफाय बंद केलं. आमच्या आसपास तेव्हा भातशेती होती, आणि माझा फोन दर दहा मिनिटांनी त्या भातात वायफाय शोधत बसायचा! मग ब्लूटूथ बंद. मग थ्रीजी बंद, जे आमच्याकडे आलेलंच नव्हतं, तरी फोन त्याची वाट बघत बॅटरी जाळत होता. एका दिवसाची बॅटरी दोन दिवसांवर गेली आणि मला त्याची नशा चढली.

दोन दिवसांवर समाधान मानायला मी काय वेडा होतो? (होतो, पण वेगळ्या प्रकारचा.) फोनमध्ये 'ऑफलाइन' नावाची सोय सापडली. ती लावली की फोन चालूच राहतो, घड्याळ दिसतं, गाणी वाजतात, फक्त टॉवरशी संबंध तुटतो. फोन येतही नाही आणि जातही नाही. मी सरळ वेळापत्रक लिहिलं आणि फ्रीजवर चिकटवलं. सकाळी आठ ते नऊ नेटवर्क चालू, दुपारी एक ते दोन, संध्याकाळी सात ते नऊ. एरवी बंद. दिवसभर वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात दुसरं भारनियमन सुरू केलं होतं. नातेवाईक वेळ बघून फोन करायला लागले, आणि मला वाटलं लोक शिस्त शिकले.

आता सुनंदाचं. तिने लग्नानंतर डी.एड. केलं. पोरगी वर्षाची, तिला मांडीवर थोपटत ही पाठाची टिपणं काढायची. त्यानंतर सहा वर्षं शाळाशाळांचे उंबरठे झिजवले. शेवटी कॅम्प चारमधल्या एका शाळेत जागा निघाली. फॉर्म भरताना संपर्काच्या रकान्यात तिने माझा नंबर लिहिला आणि खाली तळमजल्यावरच्या खरात काकांचा लँडलाइन नंबर, पुढे कंसात 'पी.पी.'. शेजाऱ्याचा नंबर असा देण्याची आपल्याकडे रीतच होती, त्यात कमीपणा कुणालाच वाटत नसे. मला वाटला.

"घरात स्मार्टफोन आहे आणि नंबर शेजाऱ्याचा? शाळा काय म्हणेल?"

"अहो, असू दे. सोय असते."

मी तिच्या हातून बॉलपेन घेतलं आणि तो नंबर खोडला. साधी रेघ मारून नाही, चांगला गिरवून गिरवून.

मुलाखत झाली आणि निवडीच्या यादीत तिचं नाव दुसरं लागलं. महिनाभरात पहिल्या बाईंना दुसरीकडे नोकरी मिळाली. शाळेच्या क्लार्कने निरोप दिला की संस्थेचे अध्यक्ष या आठवड्यात कधीतरी सह्यांना येतील. ते आले की फोन करू, तेव्हा ओरिजनल सर्टिफिकेटं घेऊन लगेच या, नाहीतर पुढच्या नंबरला बोलवावं लागेल. सुनंदाने मला पोरीची शपथ घालून आठवडाभर वेळापत्रक बंद करायला लावलं. मी ते पाळलं. गुरुवारपर्यंत.

शुक्रवारी माझी सुट्टी, अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची कंपनी शुक्रवारीच बंद असते. सकाळी बघतो तर बॅटरीच्या दोनच दांड्या उरलेल्या, आणि दहाला वीज जाणार ती चारपर्यंत. मी डोकं चालवलं. अध्यक्ष म्हणजे मोठा माणूस, तो काही अकराच्या आत शाळेत पाय ठेवत नाही. तेव्हा नऊ ते अकरा ऑफलाइन, अकराला चालू, दांड्या शिल्लक. नऊला मी हळूच बटणं दाबली आणि फोन शोकेसवर ठेवला.

दहा वाजता खरात काका वर आले. "जयभीम," म्हणाले, "जरा येतोस का? माझा नवा मोबाइल दुपारीच मान टाकतो." हा असला प्रश्न मला विचारायचा म्हणजे! मी चपला शोधायला लागलो तशी सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"फोन चालू आहे ना?"

"चालू म्हणजे काय? बघ की, घड्याळ दिसतंय."

खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. तेच आजपर्यंत जास्त टोचतं.

खाली काकांचा मोबाइल पाच मिनिटांत ठीक झाला. पण काकूंनी चहा टाकला, वरच्या मजल्यावरचे दोघं आपापले फोन घेऊन आले, आणि मला चेव चढला. ब्लूटूथ म्हणजे काय, टॉवर कसा बॅटरी पितो, मी कसे चार दिवस काढतो. चहा दोनदा झाला, पोहे झाले. अकरा कधी वाजले, बारा कधी वाजले, मला शुद्ध नव्हती. माझ्या कोपराशी काकांची लँडलाइन होती, वर काकूंनी विणलेलं क्रोशाचं झाकण. मी तिच्यावर हात ठेवून सांगितलं की काका, आता हे म्युझियममध्ये द्या.

दीड वाजता वर आलो. सुनंदा इस्त्रीची साडी नेसून, सर्टिफिकेटांची फाइल मांडीवर घेऊन फोनसमोर बसलेली. पंखा बंद, घामाने निथळत होती, पण रिंग चुकायला नको म्हणून गॅलरीत गेली नव्हती. म्हणाली, वाजलाच नाही हो. मी फोन उचलला आणि आधी काय बघितलं असेल? बॅटरी! दोनच्या दोन दांड्या जागच्या जागी. मी तिला कौतुकाने दाखवायला गेलो, आणि मग बाजूचं ऑफलाइनचं चिन्ह दिसलं.

तिच्याकडे पाठ करून मी नेटवर्क चालू केलं. मनात म्हटलं, कुणी केलाच नसेल फोन. आणि मेसेज यायला लागले. एक, दोन, तीन... सात मिस कॉल, सगळे एकाच नंबरवरून. पहिला सव्वानऊचा. शेवटचा पावणेएकचा. सुनंदा उठून माझ्या खांद्यावरून वाचत होती.

रिक्षा करून शाळेत गेलो तेव्हा अध्यक्ष निघून गेले होते. ऑफिसात तिसऱ्या नंबरच्या बाई पेढे वाटत होत्या. त्यांनी आम्हालाही दिले, त्यांना काय माहीत! क्लार्क भला माणूस. त्याने फॉर्म काढून आमच्यापुढे धरला.

"मॅडम, मी दुसरा नंबर पण लावणार होतो. पी.पी. दिसतंय, पण आकडे वाचता येईनात. एवढं खोडलंय कोणी?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेढा खाल्ला, त्या बाईंचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि फाइल पिशवीत घातली. सव्वानऊला नाही तर निदान दहानंतर तो फोन खाली माझ्या कोपराशी वाजला असता. त्या दिवशी मला माझी खरीखुरी लाज वाटली. परतीच्या रिक्षात मी तसं बोललोही. ती म्हणाली, "बॅटरी वाचली ना? बस झालं."

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर माझ्या कागदाखाली दुसरा कागद होता, मास्तरणीच्या सुंदर अक्षरात. 'सुनंदा : सकाळी आठ ते साडेआठ चालू. एरवी ऑफलाइन.' मला वाटलं चेष्टा आहे. दोन महिने तिने तो पाळला!

नंतर वय उलटलं, शाळा काही तिच्या नशिबी आली नाही. ती घरी शिकवण्या घेते, आणि पोरं तिला टीचर म्हणतात तेव्हा मी उठून आतल्या खोलीत जातो. माझा आताचा फोन चोवीस तास चालू असतो, वायफाय, ब्लूटूथ सगळ्यासकट, आणि दुपारीच मान टाकतो. परवा बँकेचा कसला फॉर्म भरायचा होता. दुसऱ्या नंबरच्या रकान्यात सुनंदाने न अडखळता खरात काकांची लँडलाइन लिहिली. काकांना जाऊन चार वर्षं झाली, लाइन तर त्याच्याही आधी कापलेली. मी म्हटलं, अगं, माझा नंबर लिही की.

"राहू दे," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा हा लागायची शक्यता जास्त आहे."