मांडवातली बारीक चित्रं

कोपरीतल्या आमच्या मंडळाच्या नवरात्राचं थेट प्रक्षेपण आमचे हे करतात. मांडवाच्या मागे टेबल, त्यावर जुना कॉम्प्युटर, आणि देवी, दार, रांग, रस्ता असे सगळे कॅमेरे वायरने त्याला जोडलेले. मी यांच्या शेजारी बसते. मला चारचौघांत बोलवत नाही, म्हणून कोणतं चित्र घ्यायचं ते मी यांच्या हाताला हात लावून सांगते. एकदा दाबलं की देवी, दोनदा दाबलं की दार. ओटी भरायला कोण येतंय, ते मला बरोबर कळतं.

यंदा घटस्थापनेलाच चित्र अडकलं. आरती पुढे गेली आणि पडद्यावर मात्र पुजाऱ्याचा हात वरच राहिला. अध्यक्ष म्हणाले, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ. दुसरा म्हणजे कोण? माझे दीर डोंबिवलीच्या एका स्टुडिओत हेच काम करतात. माझ्या डोक्यात तेच आले.

आणि दुसऱ्या दिवशी ते न बोलावता आले. टेबलाशी बसून काहीतरी केलं आणि आमच्या समोरच्या पडद्यावरचे कॅमेऱ्यांचे सगळे चौकोन धुरकट झाले. दारातली बाई कोण, ते ओळखता येईना. लोकांसाठीच्या मोठ्या पडद्यावर चित्र स्वच्छ होतं आणि आरती नीट पार पडली, तरी मला ते पटलं नाही. आम्हाला धड दिसू द्यायचं नाही आणि चूक झाली की काम स्वतःकडे ओढायचं, असा डाव वाटला. घरी ताट वाढताना मी यांच्या कानावर घातलं. हे जेवले कमी.

तिसऱ्या दिवशी भाऊजी यायच्या आत यांनी सगळे चौकोन पुन्हा स्वच्छ केले. कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. आरतीला अजून वेळ होता, नुसतं तपासून बघत होतो, तेवढ्यात चित्र अडकलं.

भाऊजी आले, बघितलं, चिडले नाहीत. म्हणाले, "दादा, सगळ्या शेगड्या मोठ्या करून ठेवल्यास. जे वाढायचंय तेवढंच मोठ्या आचेवर ठेव ना." प्रत्येक कॅमेरा एक मोठं, स्वच्छ आणि एक बारीक, धुरकट अशी दोन चित्रं पाठवतो. आपल्याला नुसतं बघायला बारीक पुरतं. लोकांना जे दाखवायचं आणि त्याच्यानंतर जे घ्यायचं, तेवढीच मोठी मागवायची. मग जुन्या मशीनवर भार पडत नाही. बोलता बोलता त्यांचा हात इतका झरझर फिरला, की यांना काहीच कळलं नाही.

मला तो हातच खटकला. उद्या हे आले नाहीत तर? त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही. पण बोलले.

"भाऊजी, तुम्ही उठा. यांना बसू द्या, आणि यांच्या हातून करवून घ्या."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला बोलता येतं होय? मला वाटलं, दादा मुकी बायको घेऊन आलाय."

मी हसले नाही. उठले ते. यांनी एकेक कॅमेरा स्वतः बारीक केला, चुकले, परत केला. आधी का नाही दाखवलं, असं यांनी विचारलं, तर भाऊजी म्हणाले, कोणी विचारलं का? हे उत्तर खरं असेलही. मला नाही वाटत.

आरतीला चित्र अडकलं नाही. धुरकट चौकोनातही मला चालीवरून अध्यक्षांची आई ओळखू आली. मी दोनदा दाबलं, यांनी दार घेतलं.

दसऱ्याला अध्यक्षांनी पुढच्या वर्षाचं काम यांनाच सांगितलं. तोपर्यंत भाऊजी रोज येऊन आमच्या मागे उभे राहायचे. काही लागलं तर असू दे, म्हणायचे. मी चहा द्यायचे. खुर्ची दिली नाही.