बिरूची लाथ

बेंबळीत कुणी जरा जास्तच फेकायला लागलं की ऐकणारा हळूच विचारतो, "ही बिरूची लाथ तर न्हाय ना?" फेकणारा तिथंच ओशाळतो. गावात नव्यानं नांदायला आलेल्या सुनांना वाटतं, बिरू म्हणजे कुणी जुना पैलवान असावा आणि कधीचाच वारला असावा. बिरू चांगला ठणठणीत आहे. रोज पहाटे त्यांच्याच दारावरून सायकल दामटीत पाण्याच्या टाकीकडं जातो. ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडं. व्हॉल्व्हची चावी दोन्ही हातांत धरून तो ती अशी काही गरगरा फिरवतो की बघणाऱ्याला वाटावं, खाली जमिनीत कुणाचा तरी गळा सापडलाय.

त्या गरगरण्याला इतिहास आहे.

बिरू पोरसवदा होता तेव्हा तुळजापुरात, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला, एका बांगडीवाल्याच्या मागं गोरोबाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची खोली. आत एकच मशीन, कपाटाएवढं. नाणं टाकायचं, दांडी धरायची, बटणं बडवायची, की पडद्यावर दोन माणसं एकमेकांची हाडं खिळखिळी करायला लागायची. गेमचं नाव इंग्रजीत होतं आणि ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पोरं 'मारामारी' म्हणायची. गड्यांची नावंही पोरांनीच ठेवलेली. मिशीवाला, वेणीवाली, लालचड्डी. सगळ्यात शेवटी यायचा टकल्या, त्याच्यापुढं भल्याभल्यांचं काही चालायचं नाही. घरून देवीच्या दर्शनाला म्हणून निघालेली पोरं रांगेच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाहीत. बाहेरच्या कुंकवाच्या ढिगातली चिमूट कपाळाला फासली की दर्शन झालं. घरी कुणी विचारलं तर कपाळ पुढं करायचं.

बिरूचा बाप मंगळवारी शेरडं घेऊन तुळजापूरच्या बाजारला यायचा. शाळेला दांडी मारून बिरू त्याच्या मागं. सौदा लांबला की तो गोरोबाच्या खोलीत. आणि मंगळवारी बिरूचा लालचड्डी जी लाथ घालायचा ती भवऱ्यासारखी. एकदा फिरला की थांबायचं नाव नाही. टकल्या भिंतीला टेकून टेकून आडवा व्हायचा. हे बघायला गोरोबाशिवाय कुणी नसायचं. बेंबळीची बाकीची पोरं रविवारी यायची, त्यांचा म्होरक्या बालाजी. त्यांच्यासमोर बिरू मोठ्या तोऱ्यात दांडी धरायचा आणि लालचड्डी गुडघ्याएवढा पाय उचलायचा, तोही हवेत.

"आज पाय दुखतोय त्येचा," बिरू म्हणायचा.

"टीव्हीतल्या माणसाचा?" बालाजी विचारायचा.

तिथून जी म्हण पडली ती पडलीच. गोरोबाचं दुकान मोडलं, पोरांना मिशा फुटल्या, बालाजीनं बेंबळीच्या स्टँडवर हॉटेल टाकलं, पण बिरूची लाथ काही म्हातारी होईना. बिरूनंही ती अंगाला लावून घेतली नव्हती. मागच्या महिन्यापर्यंत.

मागच्या महिन्यात त्याच्या लेकीला, प्रतीक्षाला, बघायला पाहुणे आले होते. नवरदेवाचा बाप पोराची कंपनीतली नोकरी सांगायला लागला. साहेब बी आमच्या पोराला इचारूनच सही करतेत, म्हणाला. पोह्यांची ताटली पुढं करता करता बिरूची बायको अयोध्या सवयीनं बोलून गेली, "ही बिरूची लाथ तर न्हाय ना?"

पाहुण्यानं विचारलं, "म्हंजी?"

प्रतीक्षा पदर तोंडाला लावून आत पळाली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. प्रतीक्षाला तो मुलगा तसाही नको होता, ती खूश. बिरूनं मात्र त्या रात्री भाकरी तशीच ठेवली.

"आगं, तू बी?" तो अयोध्येला म्हणाला. "तू तर माझ्या संग नांदतीस."

"मग काय झालं? तोंडात बसलंय. आन् तुमची लाथ कुणी बगितलीय का?"

ते खरंच होतं. बघणारा गोरोबा एकटा, आणि तो देवाघरी. पण देवी पाठीशी होती म्हणायची. आठवड्याच्या आत बिरू शेरडू बघायला तामलवाडीला गेला आणि तिथं एका पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांआड, त्याला ते कपाट दिसलं. घर गोरोबाच्या बायकोचं, कोंडाबाईचं. मशीन चालू होतं. "ह्ये सांगून गेलेत, माझ्या माघारी दिवाबत्ती चुकवू नगंस," कोंडाबाई म्हणाली. "दुकान व्हतं तव्हापून दर मंगळवारी चालू करून पूजा करते."

दुसऱ्याच मंगळवारी बिरूनं बालाजीला मोटारसायकलवर घातलं.

"लाथ बसली तर हॉटेलात सगळ्यांम्होरं सांगायचं," बिरूनं बजावलं.

"आन् न्हाय बसली तर?"

"तर म्या सोता म्हणन, बिरूची लाथ."

कोंडाबाईनं दोघांना ओळखलं, पाणी दिलं, मशीन लावून दिलं आणि चहा टाकायला आत गेली. मशीन नुकतंच पूजलेलं. बटणांवर हळदी-कुंकवाचा ओला लगदा, त्यावर नारळाच्या पाण्याचे ओघळ. बालाजी पांढरा सदरा घालून आलेला. "हात सगळं लाल व्हतेत की," म्हणत त्यानं ओलं फडकं घेतलं आणि बटणं लख्ख पुसली. फटीतलंसुद्धा काडी घालून काढलं. हॉटेलवाला माणूस, पुसण्यात पक्का.

बिरूनं नाणं टाकलं. तेच संगीत वाजलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. लालचड्डी तसाच होता, एका दिवसानंही म्हातारा झाला नव्हता. बिरूनं दांडी फिरवली, बटण बडवलं. गुडघ्याएवढा पाय. हवेत. टकल्यानं त्याला असा आपटला की बिरू स्वतः दोन पावलं मागं सरला.

परत नाणं, परत तीच गत.

"पाय दुखत आसंल," बालाजी म्हणाला.

बिरू खाली पेंढीवर बसला. आपणच तर नव्हतं ना हे रचलेलं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं. इतकी वर्षं सांगून सांगून माणसाला आपलंच खोटं खरं वाटायला लागतं, म्हणतात. तेवढ्यात कोंडाबाई चहा घेऊन आली आणि मशीनकडं बघून जागीच थांबली.

"पूजा कुणी पुसली रं? मंगळवार हाय. मानसं हायसा का कोन?"

बालाजी फडकं मागं लपवायला लागला. कोंडाबाईनं ताट आणलं, बटणांवर पुन्हा मूठ मूठ हळदी-कुंकू दाबलं, वरून नारळाचं पाणी सोडलं आणि बिरूकडं वळली. "खेळ आता. सुनं ठिवू नगंस."

म्हातारीचा शब्द म्हणून बिरू उठला. नाणं टाकलं. लाथेचं बटण दाबलं. ते आत गेलं आणि तिथंच बसलं, वर येईना. पडद्यावर लालचड्डी फिरला. फिरतच राहिला. गरगर, गरगर, टकल्या भिंतीला टेकला, घसरला, आडवा झाला.

बालाजीनं बटणाकडं बघितलं, मग बिरूच्या लाल बोटाकडं, मग पुन्हा बटणाकडं.

"कुंकवानं चिकटलंय," तो म्हणाला. "मंगळवारी वलं आसायचं. रविवारपतुर वाळून झडायचं. म्हंजी लेका, ही तुझी लाथ न्हवंच, कोंडाबाईची हाय."

"पर हाय का न्हाय?"

"हाय."

बालाजी दिलेल्या शब्दाला पक्का. दुसऱ्या दिवशी भरल्या हॉटेलात त्यानं कढईतला झारा बाजूला ठेवला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तामलवाडी, पडवी, मंगळवारची पूजा, नारळाचं पाणी, कुंकवानं बटण चिकटलं आणि लालचड्डी कसा फिरला ते. काही लपवलं नाही. गिऱ्हाइकं भजी हातात धरून ऐकत राहिली. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "बालाजी, बिरूचं एक येळ पटंल. तुझं लईच झालं गड्या."

सांजेपर्यंत गावभर झालं. बिरू घरी आला आणि चपला काढता काढता अयोध्येला म्हणाला, "उद्या टाकी काठोकाठ भरंल बग."

"ही बालाजीची लाथ तर न्हाय ना?" ती चुलीपाशी बसूनच म्हणाली.

बिरू पोटभर हसला, भाकरीही दोन जास्त खाल्ल्या. पण अंथरुणावर पडल्यावर त्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटायला लागलं. गाईचं दावं सुटून ती शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहावी, तसं. सकाळी पाणी सोडून तो तडक हॉटेलात गेला.

"बालाजी, ती लाथ माझी हाय."

बालाजीनं कप त्याच्यापुढं सरकवला. "मंग घिऊन जा की. म्या कव्हा धरून ठिवलीय?"