नट कुणी आवळला

मी शेंद्र्याच्या चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत होतो. कडेच्या ट्रकखालून आवाज आला, "दादा, जरा वर बसून स्टिअरिंग हलवता का?"

मी वर चढून हलवू लागलो. दारातून वाकून पाहिलं, तर ट्रकवाला चाकामागच्या, स्टिअरिंगच्या जॉइंटवर तळहात ठेवून पडला होता, नाडी बघावी तसा. "झिजलाय," म्हणाला. त्यानं आटे मोजत जुना जॉइंट काढला. एकोणीस भरले. चाक सरळ राहावं म्हणून नवा तेवढेच आटे फिरवून बसवला, नट आवळला आणि मला पुन्हा स्टिअरिंग हलवायला लावलं. तळहात तिथंच. या वेळी हसला.

"गॅरेजात का नाय देत?"

"गॅरेजवाले चांगलंच करतात. पण कन्नडचा घाट उतरताना मला ठाऊक पाहिजे, नट कुणी आवळला ते."

मी म्हणालो, "मी कंपनीत दिवसभर गाड्यांचे नटच आवळतो."

काळे हात पुसत तो म्हणाला, "मग तुमच्या भरवशावर बी कुणीतरी घाट उतरत असंल."

तोवर बस गेली होती. त्यानंच मला कंपनीच्या फाटकापर्यंत सोडलं, दोन बोटांवर ट्रक सरळ चालवत.

हल्ली नट आवळला की मी त्यावर क्षणभर तळहात ठेवतो. सुपरवायझर विचारतो, "काय बघतो रे?"

"घाट," मी म्हणतो.