हो म्हणणारी डिस्क

देवराव संगणकाला आधी हात लावायचा नाही, कान लावायचा. झरीकडच्या पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, कोलाम गडी. शिकला किती, तर दहावी नापास. रेडिओ दुरुस्त करता करता संगणकापर्यंत पोचला. बोलणं कमी. माझी टकळी सुरू झाली की म्हणायचा, "बाई, तुमचं होऊ द्या."

आमच्या कापूस खरेदी केंद्रावर मी गाड्यांचे नंबर संगणकात चढवायची. भाव पडलेले, माणसं चार-चार दिवस बैलगाडीखाली झोपलेली. ज्याचा नंबर आधी त्याची गाडी आधी, एवढाच काय तो न्याय उरला होता. शहरातून आलेल्या माणसानं नवी प्रणाली टाकली. नोंदींची डिस्क मात्र जुनीच होती, अन् ती त्या सकाळी गप्प झाली. बाहेर गलका.

"डिस्क मेली," तो म्हणाला. "नंबर नव्यानं लावा."

नव्यानं म्हणजे दांडगे पुढे. मी देवरावला बोलावून आणलं.

देवरावनं कान लावला. "मेली कायची? फिरून राह्यली. भ्याली हाय थे."

मग मला समजावलं. संगणक आणि डिस्क यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा लहानसा प्रोग्राम असतो, तो डिस्कला हुकूम देतो. नव्या ड्रायव्हरनं विचारलं, एकदम पुष्कळ हुकूम घेशील? डिस्क म्हणाली, हो. घेतले, आणि गोंधळून थिजली.

"येत नाही तं हो काहून म्हटलं तिनं?"

"मी बी म्हणत होतो ना, बाई. शाळेत मास्तर मराठीत विचारे, मले कोलामीच ये. नाही म्हटलं तं छडी. म्हून सगळ्यालेच हो."

ड्रायव्हरमध्ये अशा अडेल डिस्कांची एक यादी असते. त्यात त्यानं आमच्या डिस्कचं नाव घातलं: हिनं हो म्हटलं तरी हिला एका वेळी एकच हुकूम द्यायचा. दुपार त्यातच गेली. मग सगळे नंबर परत दिसले, जसेच्या तसे.

पहिला नंबर लच्चूचा. खिडकीशी एक म्हातारा आला.

"तूच लच्चू का?" कारकुनानं विचारलं.

"हो."

"का त्याचा भाऊ होय?"

"हो."

"चाल हट! नंबर चोरून राह्यला!"

देवराव उठून बाहेर गेला. कोलामीत एकच प्रश्न विचारला आणि थांबला. म्हातारा बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग हळूहळू गाव सांगितलं, आल्याचा वार सांगितला, बैलांचे रंगसुद्धा. माझ्या नोंदीशी गाव जुळलं, वार जुळला. गाडी काट्यावर गेली.

"एक एक विचारत जा, साहेब," देवराव कारकुनाला म्हणाला, "अन् थांबत जा जरासं."

देवराव काविळीनं गेला, त्यालाही वर्षं झाली. मीही थकले आता. परवा बँकेत खिडकीवरची पोरगी भराभर काहीबाही विचारत होती, मी आपली हो हो म्हणत होते. शेवटी ती ओरडली, "आजी, समजून राह्यलं का तुम्हाले?"

मी म्हटलं, "हो."