देवाची मूठ आणि हिरांची रांग

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास पार डळमळला होता, हे आधीच कबूल करते. ह्यांच्या उजव्या हाताचं मांस झडत चाललं होतं. अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडला, दंडावर कातडी आपोआप लवायची, आणि दुखत मात्र काहीच नसे. कल्याणच्या वैद्यांनी हात टेकले, तेव्हा आगगाडीने ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, पण बोलणं सरळ. म्हणाले, "बाई, हे नसा सुकण्याचं दुखणं. विलायतेतही औषध नाही. कोणाचं भरभर वाढतं, कोणाचं सावकाश. वेग कळायला हवा, तर दर सोमवारी एकच गोष्ट एकाच मापाने मोजत जा."

वेग मला कळायलाच हवा होता. धाकट्या लेकीचं, गोदीचं, लग्न वैशाखात ठरलेलं. कन्यादानाला धार माझी आणि ओंजळ ह्यांची, एवढीच ह्यांची इच्छा. थोरले दीर म्हणाले, "मी बसतो की, त्यात काय एवढं?" ह्यांनी नुसती मान फिरवली.

आमच्याकडे रोज स्वयंपाकाआधी देवाच्या नावाने मूठभर तांदूळ हेच आपल्या उजव्या हाताने बाजूला काढायचे. सोमवारची ती मूठ मी उभट पंचपात्रात ओतायची, त्यात खराट्याचा हीर उभा धरायचा, तांदळाच्या उंचीवर मोडायचा आणि कुडाच्या भिंतीत खोचायचा. मला माझ्या युक्तीचा केवढा अभिमान. सात सोमवारचे सात हीर, अगदी सारखे. डॉक्टरही खूश. "थांबलंय म्हणायचं. वैशाख गाठाल." मी पेढे वाटायचीच काय ती राहिले.

आठव्या सोमवारी ओट्यावर एक मीठवाली आगरीण टेकली होती, कधी न पाहिलेली. माझा खटाटोप बघत होती. मी हीर मोडणार तोच म्हणाली, "बाय, ते वरचे तांदूल कोनाच्या हाताचे गो?"

"माझ्या. देवाची मूठ अपुरी कशी ठेवायची?"

"देवाचा काय, तो उनापुरा घेल. पन तुज्या मानसाचा हात तुना कसा समजंल?"

अहो, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मूठ उणी दिसली की माझा हात सवयीने डब्यात जाई, वर चिमूटभर घाली. सात सोमवार मी माझाच हात मोजत होते.

पुढचे चार सोमवार एक दाणा वर घातला नाही. दर हीर आधीच्याहून जवभर आखूड. चारही ओळीने जमिनीवर मांडले, पुढचे मनाशी मोजले, आणि दिसलं की फाल्गुनात मूठ मिटणार नाही. रडू यायला हवं होतं ना? मला तर अंगात वारं शिरल्यासारखं झालं, कारण माघात मिटणार होती, लग्न तेवढं अलीकडे ओढायचं होतं. हीर मुठीत धरून मी दिरांकडे धावले. म्हणाले, "अगं, खराटा मोडून मुहूर्त काढतेस का आता?" पण उठले, व्याह्यांकडे तेच हीर घेऊन गेले, आणि माघातली तिथी घेऊनच परतले.

कन्यादानाला ह्यांची बोटं थरथरत होती, पण एकमेकांना चिकटून राहिली. पाणी ह्यांच्या ओंजळीतून गोदीच्या, तिच्यातून जावयाच्या. थोडं सांडलं, सांडू दे. माझी धार घाईने पडत होती, तर हे हळूच म्हणाले, "अगं, बेताने. मी कुठे पळून जात नाही."

त्या मीठवालीला मी फार शोधलं. बाकीच्या म्हणाल्या, आमच्यातली नव्हे. असेल कोणाची पाहुणी. मी वाद घालत नाही, हात मात्र जोडते. देवावर भार टाकायचा म्हणजे सगळं भरलेलं दाखवून गप्प बसायचं, असं मी समजत होते. जे उणं आहे ते उणंच त्याच्यापुढे ठेवायचं, हे मला तिने शिकवलं.

वैशाखात गोदी माहेरी आली, तेव्हा ह्यांना मी घास भरवत होते. तिने पुढे होऊन माझ्या हातातलं ताट घेतलं, ह्यांनी मुकाट तोंड उघडलं. देवाकडे आणखी मागायचं असं मला काही सुचेना.